हॉट डॉग घरी करताना: तुमची पद्धत, तुमचे प्रयोग, तुमच्या फजित्या

मागच्या रविवारी घरी बाराजण जेवायला होते. हॉट डॉगला असं काय लागतं, म्हणून मी सगळी सॉसेजेस खळखळत्या पाण्यात टाकली आणि कांदा चिरायला घेतला. दहा-बारा मिनिटांनी झाकण काढलं तर निम्म्यांची सालं उकललेली, उरलेली फुगून मऊ पडलेली, आणि चव म्हणावी तर ती पाण्यावर तवंग होऊन तरंगत होती. धाकट्याने एक घास घेतला आणि विचारलं, "आई, तू हे धुतलंस का?"

म्हणून हा धागा. सॉसेज कसं शिजवता, पावाचं काय करता, वर काय घालता आणि कुठे फसलात, सगळं लिहा. उत्तर "नुसतं केचप" एवढंच असेल तरी चालेल, पण का ते सांगा.

*

तुमचं चुकलं ते एवढंच की तुम्ही कच्चं मांस शिजवायला निघालात. पाकिटातलं हॉट डॉगचं सॉसेज कारखान्यातच शिजून येतं, बरेचदा धुरी देऊनही. आपलं काम उरतं ते दोनच: आतपर्यंत कडकडीत गरम करणं आणि बाहेरून खरपूस करणं. खळखळत्या पाण्यात पहिलं होतं, दुसरं कधीच होत नाही.

मी पसरट पॅनमध्ये सॉसेजेस ठेवतो, तळ जेमतेम बुडेल एवढं पाणी घालतो आणि झाकतो. चारेक मिनिटांत पाणी आटत येतं. मग झाकण काढायचं, चमचाभर लोणी टाकायचं आणि पॅन हलवत सॉसेजेस गडगडू द्यायची. चहूबाजूंनी तपकिरी डाग पडले की काढायची. भांडं एकच, आणि आत कोरडं पडायची भीती नाही. पाण्यातच करायची असतील तर ते नुसतं थरथरत ठेवा, पाचेक मिनिटं पुरतात.

*

वरच्या दादांच्या "शिजून येतं" ला एक पुरवणी. मी गरोदर असताना फ्रिजमधून काढून थंडच तुकडा तोंडात टाकायची सवय डॉक्टरांनी बंद करायला लावली. लिस्टेरिया नावाचे जिवाणू फ्रिजच्या थंडीतही वाढतात. गरोदर बायका, ६५ च्या पुढची माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले, यांच्यासाठी सॉसेज आतून ७४ अंश सेल्सिअसपर्यंत, वाफा निघेपर्यंत गरम हवं. तेव्हा पंधराशे वेळा थर्मामीटर खुपसून बघायचे, आता अंदाज बसलाय.

*

माझा प्रयोग नागमोडी कापाचा. सॉसेजमध्ये आरपार लाकडी काडी घालायची, सुरी तिरकी धरायची आणि सॉसेज फिरवत फिरवत काडीपर्यंत कापत जायचं. काडी काढली की स्प्रिंग तयार. तव्यावर टाकलं की ती उघडते आणि प्रत्येक कड वेगळी भाजली जाते. गोलगुळगुळीत सॉसेजवरून सॉस ओघळून ताटात जातो, तो इथे खाचांमध्ये बसतो. खरा फायदा हाच, दिसणं हा नंतरचा भाग.

पहिल्या वेळी काडीशिवाय करायला गेले. सात तुकडे झाले. पावात ओळीने लावून वाढले, कोणाला कळलं नाही (आता कळेल).

*

पावाबद्दल कोणीच बोलत नाही याचं आश्चर्य वाटतं. सगळे प्रयोग सॉसेजवर आणि पाव बिचारा पाकिटातून काढून थेट ताटात! थंड, कोरडा पाव दुमडला की कण्यात फाटतो आणि सगळा मसाला मांडीवर.

माझ्या दोन पद्धती. एक, सॉसेजेस वाफेवर असतील तर शेवटचं अर्धा मिनिट पावही त्याच वाफेवर. जास्त ठेवला तर लगदा. दोन, आतल्या बाजूंना लोणी लावून तव्यावर पालथा भाजायचा. लोण्याचा थर आणि भाजलेली कड दोन्ही मिळून सॉस आत झिरपू देत नाहीत. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात पावाला वरून चीर देतात आणि त्याच्या बाहेरच्या बाजू सपाट, बिनसालीच्या असतात, त्या लोण्यात भाजतात. साधा पाव मिळाला की मी त्याच्या दोन्ही कुशी पातळ तासून तेच करते. तासलेल्या कुशी माझ्या पोटात.

*

केचप. वय ४१. अमेरिकेतल्या हॉट डॉगवाल्यांच्या परिषदेच्या शिष्टाचारात अठराच्या पुढच्यांनी केचप घालू नये असं म्हटलंय, हे मला माहीत आहे. कारण विचारलंत म्हणून: मला आवडतं.

*

त्याच शिष्टाचारातली एक गोष्ट मात्र मी पाळतो: आधी ओले सॉस, मग चिरलेले जिन्नस, मग चीज, शेवटी भुरभुरायचं मीठ-मसाला. आणि सगळं सॉसेजवर, पावावर नाही. क्रम उलटा केला की चिरलेला कांदा पहिल्याच घासाला निसटतो, कारण त्याला धरून ठेवायला खाली काही नसतं.

शिकागो पद्धत घरी केली तेव्हा हे पटलं. खसखस लावलेला पाव, बीफचं सॉसेज, पिवळ्या मोहरीचा सॉस, भडक हिरवं गोड रेलिश (बारीक चिरलेल्या काकडीचं लोणचं), बारीक कांदा, टोमॅटोच्या फोडी, शेपू घालून मुरवलेल्या काकडीची लांब फाक, व्हिनेगरातल्या बारक्या मिरच्या आणि वरून सेलरी सॉल्ट. केचप नाही. (वरच्या मित्राने शिकागोला जाऊ नये.) कागदावर वाचताना वाटलं, नुसता भाजीबाजार आहे. पण खाताना लक्षात आलं की सॉसेज खारट आणि तेलकट असतं, आणि ही यादी जवळजवळ सगळी आंबट, गोड नाहीतर करकरीत आहे. तेव्हापासून घरात काय आहे ते बघून मी एवढंच विचारतो: आंबट काय, करकरीत काय? सेलरी सॉल्ट नव्हतं, तेव्हा सेलरीचं बी मिठाबरोबर कुटून घेतलं. छान लागलं.

*

करकरीतवरून: आइसलँडमध्ये एकाच हॉट डॉगवर दोन कांदे असतात, कच्चा आणि तळून कुरकुरीत केलेला. शिवाय केचप, गोडसर तपकिरी मोहरीचा सॉस आणि रेमुलाड (मेयोनेजचा आंबटसर सॉस). सॉसेजमध्येही मेंढीचं मांस मिसळलेलं असतं. मी फक्त दोन कांद्यांची युक्ती उचलली. पातळ कापलेला कांदा मैद्यात घोळवून, झटकून, मध्यम आचेवर तळायचा आणि सोनेरी व्हायच्या किंचित आधीच काढायचा, बाहेर आल्यावरही रंग चढतो. मी एकदा "अजून थोडा" म्हणत थांबले आणि कडू कोळसा वाढला.

*

मेक्सिकोच्या सोनोरा राज्यातल्या हॉट डॉगला बेकन गुंडाळतात, वर राजम्यासारखे पिंटो बीन्स, टोमॅटो, कांदा, मेयोनेज. मी तापलेल्या पॅनमध्ये टाकलं, बेकन आकसलं, उलगडलं आणि सॉसेज नागडं. आता थंड पॅनमध्ये, बेकनची शेवटची कड खाली दाबून ठेवतो आणि मंद आचेवर सुरू करतो. ती कड आधी भाजली की चिकटून राहते. बाकी काही सांगण्यासारखं नाही, बेकन वाईट लागत नाही.

*

आमच्याकडे मी एकटी शाकाहारी. पार्टीत मला नुसता पाव आणि कोशिंबीर मिळायची, म्हणून गाजराचा हॉट डॉग शिकले. सॉसेजच्या जाडीची गाजरं सोलून, सुरी टोचली तर जाईल पण मोडणार नाहीत इतपत उकडायची. मग सोया सॉस, व्हिनेगर, लसूण आणि धुरी दिलेल्या पॅप्रिकाच्या पाण्यात रात्रभर फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी तव्यावर तेलात, कडा काळपट होईपर्यंत.

मांसासारखं लागतं असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. गाजरासारखंच लागतं, पण धुरकट, खारट, आंबट गाजर. मोहरी आणि आंबवलेला कोबी घातला की मला दुसरं काही नको. जास्त उकडलं तर मात्र पावात भरीत होतं.

*

कॉर्न डॉग: मक्याच्या पिठात बुडवून तळलेला. माझं पीठ तेलात पडताक्षणी कातडं टाकल्यासारखं गळून गेलं. चूक ओल्या सॉसेजची होती. कागदाने कोरडं पुसा, कोरड्या मैद्यात घोळवा, आणि पीठ उंच ग्लासात भरा म्हणजे काडीसकट उभं बुडवता येतं. तेल १८० अंशांच्या आसपास.

*

लहान मुलं असतील त्यांनी हे वाचा. चार वर्षांच्या आतल्या मुलाला सॉसेजच्या गोल चकत्या देऊ नका, तो आकार नेमका घशात अडकतो. उभे चार भाग करायचे, मग बारीक तुकडे. पाहुण्यांनी माझ्या मुलीला प्रेमाने चकती भरवली तेव्हा ठसका लागून तिचा चेहरा लाल झाला होता. चकती बाहेर आली, पण तो मिनिट मी विसरलेली नाही.

ती आता आठ वर्षांची आहे. अमेरिकेत सॉसेजेस सहसा दहाच्या पाकिटात येतात आणि पाव आठच्या, त्यामुळे आमच्याकडे दोन कायम उरतात आणि ती तिची. त्यांचे तुकडे करून ती प्रत्येकात कच्च्या स्पॅगेटीच्या पाच-सहा काड्या आरपार खुपसते. मग ते सगळं उकळत्या पाण्यात. काड्या शिजून मऊ पडतात आणि प्रत्येक तुकड्याला दोन्हीकडून केस फुटल्यासारखे दिसतात. पाण्यात सॉसेजची चव उतरते हे वर वाचलं, पण इथे ती स्पॅगेटीत जाते, वाया जात नाही. सांभाळायचं एवढंच की तुकड्याच्या आतला स्पॅगेटीचा भाग बाहेरच्यापेक्षा उशिरा शिजतो, म्हणून पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं जास्त ठेवा आणि एक तुकडा मधोमध कापून बघा. तो कापलेला तुकडा आधी कोणी खायचा यावर आमच्याकडे भांडण होतं.