टेकडीखालच्या बागेत उत्सव भरवावा का?

खुरपं:

कोथरूडमध्ये टेकडीचा उतार सोसायट्यांच्या कुंपणाला येऊन टेकतो, तिथे दीडेक एकराचा एक तुकडा आहे. महापालिकेच्या विकास आराखड्यात उद्यानाचं आरक्षण, प्रत्यक्षात कित्येक वर्षं राडारोडा टाकायची जागा. आसपासच्या लोकांनी रविवारच्या रविवार जमून तो उपसला, उताराला आडवे चर खणले, पळस, पांगारा, करंज, वावळ, बहावा लावले आणि उन्हाळ्यात कॅनने पाणी घालून जगवले. आज तिथे सावली आहे, सकाळ-संध्याकाळ माणसं आहेत. आमची नोंदणीकृत संस्था वगैरे नाही. व्हॉट्सॲपचा गट, चार टिकाव, घमेली आणि एक हातगाडी, एवढाच संसार.

आता तिथे महापालिकेचं सुशोभीकरण येऊ घातलंय. पेव्हिंग ब्लॉकचा ट्रॅक, रंगीत दिवे, ओपन जिम आणि फाटकापाशी पार्किंग, असं कानावर आलंय. टेप घेऊन माणसं मोजमाप करून गेली. तेव्हापासून गटात वाद सुरू आहे: चैत्रातला एक रविवार धरून बागेचा उत्सव करायचा का? बेत असा: झाडांची ओळख करून देणारी फेरी, बियांची देवघेव, मुलांना मातीकाम, भजनी मंडळाचा तासभर कार्यक्रम, पन्हं आणि वाटली डाळ.

माझं मत, करावा. नकाशात ही जागा मोकळी दिसते. तिथे किती जणांचा जीव गुंतलाय हे निर्णय घेणाऱ्याला डोळ्यांनी दिसायला हवं. एप्रिल २०२३ मध्ये वेताळ टेकडीसाठी आणि नदीकाठच्या झाडांसाठी पुणेकर रस्त्यावर उतरले. त्यात रोज पहाटे टेकडी चढणारे किती होते, ते तिथे असलेल्यांना माहीत आहे. त्याच टेकडीवरून आखलेल्या बालभारती ते पौड फाटा रस्त्याला इतकी वर्षं विरोध टिकला, तो याच पायांच्या जोरावर. आमच्या बागेचं निवेदन घेऊन मूठभर माणसं गेली की चहा मिळतो, उत्तर मिळत नाही.

ज्यांचा विरोध आहे त्यांनी कारणासहित लिहावं. 'कशाला उगाच' हे कारण धरलं जाणार नाही.

रोजचा फिरस्ता:

कारणासहित लिहितो.

बागेच्या वरच्या अंगाला जो उघडा मुरूम आहे, तिथे टिटवी अंडी घालते. घरटं म्हणजे काय, तर जमिनीत उथळ खळगा आणि भोवती चार खडे. साधारण मार्चपासून तिचा हंगाम. तुम्ही नेमका चैत्र धरलाय. मातीकाम करणाऱ्या मुलांना ते खडे आणि ती अंडी वेगळी ओळखू येणार आहेत का? मोठ्यांना येत नाहीत. झाडांच्या बुंध्याशी माती महत्प्रयासाने भुसभुशीत केली आहे, तीवर एका सकाळी दोनशे-तीनशे माणसं उभी राहिली की पावसाळ्यात पाणी मुरण्याऐवजी वाहून जातं. हे मी शिकवायची गरज नाही, चर तुम्हीच खणलेत.

दुसरं म्हणजे, उत्सव पहिल्या वर्षीएवढा कधीच राहत नाही. पहिल्या वर्षी पन्हं. दुसऱ्या वर्षी एक छोटंसं स्टेज, 'फक्त माइक, स्पीकर नाही'. तिसऱ्या वर्षी फाटकावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स, तो बांधायला पांगाऱ्यात खिळे. या शहरात खिळेमुक्त झाडांची मोहीम काढावी लागली, ती कशामुळे? सारसबागेतल्या दिवाळी पहाटेची गर्दी एकदा बघून या. मला ती सकाळ आवडते, पण सारसबागेला हिरवळ आहे, पहारेकरी आहेत, झाडायला माणसं आहेत. आपल्याकडे तुम्ही आहात आणि एक हातगाडी.

निवासी भागात दिवसा आवाजाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, हे भजनी मंडळाला कोण सांगणार तेही ठरवा. (मी नाही. माझी आई त्यात आहे.)

साधा करदाता:

मला मूळ मुद्दाच कळलेला नाही. मिळकतकर भरतो आपण, आरक्षण उद्यानाचं, मग राडारोडा तुम्ही का उपसलात? नागरिकांनी फुकट काम करून दाखवलं की यंत्रणेची जबाबदारी आपोआप संपते. नंतर तीच यंत्रणा ब्लॉक बसवायला येते, कारण खर्च दाखवायला ब्लॉक लागतात. चर खणल्याचं बिल निघत नाही.

नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची सोय पुण्यात २००६ च्या सुमारास सुरू झाली. देशात तेव्हा अशी सोय फार थोड्या शहरांत होती. त्यातून बहुतेक प्रभागांनी मागितलं काय? बाक, दिशादर्शक फलक आणि पदपथ. ठिबकची नळी मागा की! उत्सव कसले करताय.

खुरपं:

@साधा करदाता, आम्ही वाट बघत बसलो असतो तर आज तिथे झाडं नसून राडारोड्याचा दुसरा मजला असता. आणि मागायचं कुणाकडे? मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली, त्यानंतर कितीतरी काळ प्रभागाला नगरसेवकच नव्हता. त्या उन्हाळ्यांतही झाडांना पाणी लागत होतं.

@रोजचा फिरस्ता, टिटवीचा मुद्दा बिनतोड. वरचा भाग दोरी लावून बंद ठेवता येईल. फ्लेक्सच्या भीतीने माणसांनाच बंदी, हे मात्र पटत नाही.

तिसऱ्या मजल्यावरून:

माझ्या गॅलरीतून ही बाग पूर्ण दिसते. दिसतं ते लिहिते, राग मानू नका.

फाटकाला सकाळी दहा ते संध्याकाळी चार कुलूप असतं. किल्ली गटातल्या तिघांकडे. वरच्या आळीतल्या चार-पाच घरांत काम आटोपून ज्या बायका दुपारी डबा खायला सावली शोधतात, त्या कुंपणाबाहेर फुटपाथवर बसतात. एकदा एकीला आत बघून 'तुम्ही कुठल्या सोसायटीच्या?' असं विचारलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं. मागच्या वस्तीतली पोरं खालच्या सपाट कोपऱ्यात टेनिस बॉलने खेळायची, त्यांना 'रोपं मोडतात' म्हणून हाकललं. रोपं मोडत असतील, मान्य. पण त्या पोरांना दुसरीकडे कुठे जागा आहे? शाळेचं मैदान शाळा सुटल्यावर बंद, आणि आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये चेंडू दिसला तरी सेक्रेटरी खाली येतात.

तर सार्वजनिक बाग वाचवायची म्हणताना सार्वजनिक कोण, एवढं सांगा. उत्सवाच्या बेतात भजन आहे, वाटली डाळ आहे. हे सगळं मलाही आवडतं. पण वस्तीत हलगी वाजवणारी उत्तम मुलं आहेत, दर गणपतीत आपण ती ऐकतो. त्यांना कुणी विचारलं? उद्या पार्किंगसाठी फाटक तोडायला आले, तर ज्यांना आत कधी बसू दिलं नाही ते तुमच्या बाजूने का उभे राहतील? त्यांच्या दृष्टीने कुलूप लावणारा बदलेल, एवढंच.

साधा करदाता:

+१. हा प्रतिसाद मुख्य लेख म्हणून वर चिकटवावा.

खुरपं:

कुलूप हौसेने लावलेलं नाही. रात्री बाटल्या फुटायच्या, एकदा वाळक्या गवताला आग लागली आणि करंजांची आख्खी रांग गेली. दुपारी तिथे लक्ष ठेवायला कुणी नसतं म्हणून कुलूप.

तिसऱ्या मजल्यावरून:

बाटल्या रात्री फुटतात, कुलूप दुपारी का?

वनस्पतीवेडी:

जरा अवांतर होईल, पण उत्सव म्हटला की पाहुणे आले, पाहुणे आले की वृक्षारोपण आलं, म्हणून लिहिते. चैत्रात रोप लावू नका. कुणाच्याही हस्ते लावू नका. पुण्यात पाऊस धरतो तो जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास. त्याआधी मुरमात लावलेलं रोप फोटोपुरतं हिरवं असतं. आणि लावलं तरी पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी कोण घालणार, ते नाव रोपाशेजारच्या पाटीवर लिहा. पाहुण्याचं लिहू नका.

टेकड्यांवर एके काळी गिरिपुष्प सर्रास लावलं गेलं. मध्य अमेरिकेतलं झाड, नत्र स्थिर करतं, कुठेही भराभर वाढतं, म्हणून वनीकरणाला सोयीचं. आज कित्येक उतारांवर नुसती त्याचीच भिंत आहे, आणि तिथलं मूळचं गवत, बोर, हिवर, पाचुंदा आक्रसत गेले. त्यामुळे 'हिरवं म्हणजे चांगलं' या घोषणेचा मला धसका आहे. तुमच्या बागेतला वरचा उघडा मुरूमही तसाच राहू द्या, तिथे झाडच हवं असं नाही.

लोकांनी मिळून केलं तर काय होतं, याचं उदाहरण वारज्याला आहे. वनखात्याची साधारण ४० एकर जमीन, त्यावर लोकसहभागातून स्मृतिवन उभं राहिलं. ५ जून २०२० ला केंद्राने देशभर २०० नगरवनांची, म्हणजे शहरातल्या जंगलांची, योजना जाहीर केली, तेव्हा हेच उदाहरण पुढे ठेवलं. पण तिथे जमिनीचा मालक ठरलेला होता, कागद होता. तुमच्याकडे नुसता उत्साह आहे.

आणि पेव्हिंग ब्लॉक. बुंध्यापर्यंत ब्लॉक बसवले की मुळांना हवा-पाणी दोन्ही तुटतं. २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. निवेदनात 'आमच्या भावना दुखावल्या' याऐवजी हे लिहा.

पाईपवाला:

मी गटात नाही. माझे वडील त्या बागेत पाणी घालतात, सोसायट्यांच्या वर्गणीतून पगार आहे. रविवारी श्रमदान असतं, फोटो येतात, चांगलं आहे. बाकीचे सहा दिवस ते आणि पाईप.

उत्सव करा किंवा करू नका, पण वाळलेल्या गवताचा जाळपट्टा, म्हणजे आग पसरू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा, होळीच्या आधी काढायला पाहिजे. गेल्या साली तो निघाला नाही, कारण त्या रविवारी सगळे लोगो ठरवत होते. करंजं त्यातच गेली. पन्ह्याला जेवढे पैसे गोळा कराल, तेवढ्यात मेअखेरपर्यंत टँकर येतील. पालापाचोळा गोळा करून पोत्यात भरू नका, झाडाच्या आळ्यात राहू द्या, पाणी टिकतं. हे बाबा दर वर्षी सांगतात, आणि दर वर्षी नवीन कुणीतरी येऊन झाडून काढतं.

दुपारी बाबा तिथेच असतात. कुलूप त्यांना नको आहे. त्यांनाही आत जायला किल्ली मागावी लागते.

रोजचा फिरस्ता:

हे शेवटचं वाक्य वाचून उत्सवाचा विषय बाजूला ठेवावासा वाटतो.

खुरपं:

बाजूला नको, पुढे ढकलू. इथलं सगळं वाचून मला असं वाटतं: चैत्र रद्द. पहिला पाऊस झाल्यावर, आषाढातल्या एखाद्या रविवारी करू. तेव्हा गवत ओलं असतं, आगीची भीती नाही आणि रोपं लावली तर जगतील. पाहुणे नाहीत, स्टेज नाही, माइक नाही. भजनाबरोबर हलगीही, मंडळाशी मी बोलेन. पण माणसं हवीतच, यावर मी ठाम आहे. टिटवीला मतदानाचा हक्क नाही, झाडाला नाही. बागेत माणूस गोळा झाल्याशिवाय तिची बाजू कुणीही घेत नाही. वृक्षतोडीची नोटीस झाडावर चिकटते, तेव्हा हरकत घ्यायला मोजके दिवस मिळतात. त्या दिवसांत ती नोटीस वाचणारा कुणी तिथून जात असला पाहिजे. दुपारी डबा खाणाऱ्या बायकाही ती वाचतील, म्हणून दुपारचं कुलूप काढावं असा प्रस्ताव आज गटात टाकतो. एकट्याने ठरवता येत नाही.

तिसऱ्या मजल्यावरून:

खालच्या सपाट कोपऱ्याचं काय? मुलं आषाढापर्यंत थांबणार नाहीत, सुट्ट्या एप्रिलमध्ये लागतात. तिथली सहा रोपं काढून दुसरीकडे लावा आणि कोपरा खेळायला द्या.

वनस्पतीवेडी:

सहातली चार सुबाभळीची आहेत, तीही गिरिपुष्पासारखीच बाहेरून आलेली आणि भराभर पसरणारी. लावू नका, नुसती काढा. उरलेली दोन मात्र आषाढात हलवा, एप्रिलमध्ये उपटलीत तर मरतील. तोवर त्यांच्याभोवती दगड मांडा आणि मुलांना खेळू द्या.

खुरपं:

ती सुबाभूळ आमच्या सर्वांत ज्येष्ठ सभासदांनी लावली आहे. तुम्हीच येऊन त्यांना सांगा.

साधा करदाता:

तुमचं हलगी-भजन चालू द्या. मूळ प्रश्न असा की सुशोभीकरणाचा आराखडा इथे कुणीच पाहिलेला नाही. सगळं 'कानावर आलंय'. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज टाका, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्याहून सोपं म्हणजे, दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना फायली पाहू द्यायच्या, ही पद्धत पुण्यातच सुरू झाली आणि २०१८ मध्ये राज्य सरकारने तसं परिपत्रक काढून ती इतर कार्यालयांनाही लागू केली. जा, फाईल उघडा, पार्किंग नक्की कुठे दाखवलंय ते बघा, पानांच्या प्रती मागा. मग उत्सव करायचा की मोर्चा काढायचा, ते ठरेल.

खुरपं:

येत्या सोमवारी जाऊ. कोण येतंय?

साधा करदाता:

मला ऑफिस आहे.

वनस्पतीवेडी:

मी मुंबईत आहे. पण नकाशात झाडं कुठे दाखवली आहेत त्याचा फोटो टाका, त्यात हमखास चूक असते.

पाईपवाला:

बाबांना नेता येईल, कुठलं झाड कुठे ते त्यांना पाठ आहे. तीनला यायचं तर दुपारचं पाणी दुसऱ्या कुणाला तरी घालावं लागेल.

तिसऱ्या मजल्यावरून:

पाणी मी घालते. किल्ली कुणाकडे मागू?

रोजचा फिरस्ता:

सोमवारी मी येतो. उत्सवाला मात्र मला धरू नका.