दूरदर्शनच्या बाहुल्यांची डीव्हीडी कोणी काढेल का हो? (अनुभव धागा)

कोथरूडची_चिमणी

गणपतीत कुडाळला नणंदेकडे होतो. पाऊस काही थांबेना, पोरं घरात उच्छाद मांडायला लागली, म्हणून पिंगुळीला ठाकर आदिवासी कला आंगण बघायला नेलं. परशुराम गंगावणे, ज्यांना २०२१ ला पद्मश्री मिळाली, त्यांच्या घरच्यांनी गोठ्याचंच संग्रहालय केलंय. चित्रकथीची चित्रं, चामड्याच्या छायाबाहुल्या, कळसूत्री बाहुल्या, सगळं. तिथे एका लाकडी बाहुलीची दोरी ओढल्यावर तिची मान जराशी उशिरा वळली. आधी खांदा, मग मान. आणि मला एकदम शाळेतला टीव्ही आठवला! लाकडी शटरचा, कुलूपवाला, किल्ली हेडबाईंकडे.

बालचित्रवाणी, शाळांसाठीचे टीव्हीवरचे पाठ! त्यात एक हातमोजा बाहुली यायची, हातच्याची बेरीज शिकवायला. हातचा विसरली की स्वतःच्याच डोक्यावर टपली मारायची. मी अजूनही भाजीवाल्याकडे हिशोब करताना मनात ती टपली मारते.

पुण्याची बालचित्रवाणी १९८४ ला सुरू झाली, २०१७ ला बंद पडली. तेव्हापासून डोक्यात आहे की त्या टेपांचं कोणीतरी काहीतरी करावं. बालचित्रवाणी, मुलांसाठीचं किलबिल, दिवाळी-नाताळचे खास कार्यक्रम, जे काही बाहुल्यांचं दाखवलं गेलं ते एका डब्यात घालून विका. मी पैसे मोजून घेईन. तुम्हाला काय काय आठवतं ते लिहा, नाव आठवत नसेल तरी लिहा.

शेंगदाणा_चटणी

किलबिल!! संताकुकडी!! कुकर लावलाय, येते परत.

वरळी_नाका

आमच्या चाळीत टीव्ही आला तेव्हा मुंबई केंद्र नवं नवं होतं (२ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी). टीव्ही आमच्याकडे नव्हता, समोरच्या बिऱ्हाडात होता. आम्ही दारात चपला काढून फरशीवर.

बाहुल्या म्हटलं की मला फक्त अर्धवटराव. शब्दभ्रमकार रामदास पाध्यांच्या मांडीवर बसून तो आधी प्रेक्षकांकडे बघायचा, मग पाध्यांकडे, मग एक भुवई वर. बस्स, तेवढ्यावर हशा. बोलायचा नंतर. आणि त्याची बायको आवडाबाई आली की नुसता दंगा. माझी आजी अर्धवटराव पडद्यावर आला की पदर सारखा करायची. "मेला आगाऊ आहे, बघतो कसा!" आजोबा म्हणायचे अगं लाकडाचा आहे. ती म्हणायची, असेना.

हा बाहुला रामदासरावांच्या वडिलांनी, यशवंत पाध्यांनी केलेला. शंभरी केव्हाच उलटली त्याची. तो अजून प्रयोगाला उभा राहतो (म्हणजे बसतो), आणि आपण तेव्हाचं चित्रण बघू शकत नाही.

खिडकी

माझ्या अनुभवाला बाहुल्यांचं प्रेम वगैरे काही नाही. १९९३ ला झपाटलेला पाहिला आणि तात्या विंचूने माझं बालपण संपवलं. मावशीने दिलेली डोळे मिटणारी बाहुली आईला ट्रंकेत टाकायला लावली. तर रात्री आतून ती "मम्मा" म्हणाली!! ट्रंक कोणीतरी हलवली होती, एवढंच. पण मी तीन वर्षं त्या खोलीत झोपले नाही.

शेंगदाणा_चटणी

@खिडकी 😂😂 आमच्याकडे पण तीच बाहुली होती. आमची आत्या तिला झोपताना उलटी घालायची म्हणजे "मम्मा" म्हणणार नाही.

मास्तर_निवृत्त

बालचित्रवाणीबद्दल शिक्षकाच्या बाजूने लिहितो. आमची शाळा तालुक्याच्या गावाहून आत. संच मिळाला होता. कार्यक्रमाची वेळ ठरलेली, आमचं वेळापत्रक वेगळं, आणि वीज तिच्या मर्जीची. वर्ग ओळीने हॉलमध्ये आणून बसवावा तर पडद्यावर मुंग्या. मग मी एका मुलाला गच्चीवर पाठवायचो अँटेना फिरवायला. तो वरून ओरडायचा "आलं का?", खालून साठ मुलं ओरडायची "नाऽऽही!" खरा पाठ बहुधा तोच.

पण ज्या दिवशी दिसलं, त्या दिवशी मागच्या बाकावरची मुलंही पुढे सरकायची. बाहुली चुकली की त्यांना बरं वाटायचं. मास्तर कधी चुकत नाही ना. मी नंतर जुन्या मोज्याला बटणं लावून स्वतःची एक केली. पूर्ण सेवाकाळ तिने व्यंजनसंधी शिकवली. टेपा निघाल्या तर आजच्या शिक्षकांनाही उपयोग होईल. एवढंच.

नागपुरी_संत्रं

आमच्याइकडे आधी दिल्लीच दिसायची, किलबिल-बिलबिल काही माहीत नाही बाप्पा. आमची बाहुल्यांची मालिका म्हणजे पोटली बाबा की. १९९१ च्या आसपासची, शीर्षकगीत गुलजारांचं. दाढीवाला बाबा पोतडी घेऊन यायचा. त्याची दाढी खरी वाटायची, हात मात्र खोटे. हात कधी पूर्ण दाखवायचे नाहीत हे मी तेव्हाच पकडलं होतं, पण माझ्या भावाला पटायचं नाही. आजही पटत नाही. त्याला दाखवायला तरी डीव्हीडी पाहिजे.

बटाटेवडा_एक्स्ट्रा

आणि लिज्जत पापडचा ससा! तोही पाध्यांचाच. जाहिरात होती, कार्यक्रम नव्हे, पण माझ्या मते धरावा.

वरळी_नाका

धरला.

जर्सीकर

इथे न्यू जर्सीत डिसेंबर आला की बाहुल्यांचे जुने कार्यक्रम लावतातच. रुडॉल्फ नावाच्या लाल नाकाच्या हरणाचा १९६४ चा आहे, तेव्हापासून दरवर्षी दाखवतात. बाहुल्या जपानमध्ये बनवल्या, एक एक चौकट हलवून चित्रीकरण केलं. डीव्हीडी, ब्लू-रे, सगळं दुकानात मिळतं. माझी मुलगी ते बघून मोठी झाली आणि मी तिला सांगतो की आमच्याकडेही असं होतं, तर म्हणते "दाखव". काय दाखवू?

गंमत म्हणजे त्यातला मूळ रुडॉल्फ आणि सांता एका घरात नाताळाच्या झाडाखाली मांडायला असायचे. पोरं खेळायची त्यांच्याशी. रुडॉल्फचं नाक पडलं होतं, ते नवीन बसवलं. २०२० मध्ये लिलावात दोघे मिळून ३,६८,००० डॉलरला गेले. आता अटलांटाच्या बाहुल्यांच्या संग्रहालयात आहेत.

बटाटेवडा_एक्स्ट्रा

३ लाख ६८ हजार DOLLAR?? माझ्या आईने माझा टेडी बोहारणीला दिला, बदल्यात स्टीलचं पातेलं.

शेंगदाणा_चटणी

पातेलं आहे का अजून?

बटाटेवडा_एक्स्ट्रा

आहे. चहा करतो त्यात.

टेपवाला

मी बरीच वर्षं संकलनाच्या कामात होतो (खाजगी स्टुडिओ), तर थोडं तांत्रिक. त्या काळचं बरंचसं काम यू-मॅटिकवर, पाऊण इंची टेप, नंतर बेटाकॅम. टेप फार महाग. त्यामुळे जुन्यावर नवं घेणे ही पद्धत जगभर होती, बीबीसीनेसुद्धा साठच्या दशकातले आपले गाजलेले कार्यक्रम असे पुसले. आणि सुरुवातीचं कित्येक थेट प्रक्षेपणच असायचं, म्हणजे रेकॉर्डिंग झालंच नसेल. मुलांच्या कार्यक्रमावर वाट्टेल ते घेतलं जायचं, कारण "मुलांचंच तर आहे".

ज्या उरल्या असतील त्यांचाही प्रश्न आहे. टेपवरचा लेप चिकट होतो, यंत्रात घातली की खरवडून निघतो. मंद आचेवर, म्हणजे खास भट्टीत, तासन्‌तास शेकवून मग थोडेच दिवस वाजवता येते. तेवढ्यात उतरवून घ्यायचं. यू-मॅटिक यंत्रं आणि ती दुरुस्त करणारी माणसं, दोन्ही कमी होत चालली.

वर हक्कांचं लफडं. वाहिनीचे वेगळे, बाहुलीकाराचे वेगळे, गाण्याचे वेगळे. डीव्हीडी काढायची तर प्रत्येकाला विचारा. म्हणून कोणी हात लावत नाही. तरी करावं असंच माझं मत.

सांगलीकर_हळद

आमच्या विष्णुदास भाव्यांना विसरू नका. सीता स्वयंवर १८४३. भाव्यांनी लाकडी बाहुल्याही केल्या होत्या. त्या मोडकळीला आल्या होत्या, त्या रामदास पाध्यांनी दुरुस्त करून परत रंगमंचावर आणल्या. म्हणजे एकोणिसाव्या शतकातलं लाकूड दुरुस्त होतं आणि आमच्या लहानपणीची टेप होत नाही! संताप येतो. आणि पुण्यात चित्रपटांसाठी १९६४ पासून राष्ट्रीय संग्रहालय आहे, लॉ कॉलेज रोडवर. बालचित्रवाणी तिथून पलीकडे सेनापती बापट रोडवर. इतक्या जवळ असून सिनेमाला मान आणि मुलांच्या टीव्हीला काही नाही.

दोन_हजार_एक

मी २००१ ची. गल्ली गल्ली सिम सिम विंटेजमध्ये धरणार का? चमकी, बूम्बा, गूगली. २००६ ला आलं.

कोथरूडची_चिमणी

@दोन_हजार_एक बाळा तू विंटेज म्हणालीस आणि मला गुडघा दुखला. धरू.

सावंतवाडी_सून

वरचं सगळं वाचून हसत होते, पण मला हा धागा जरा जड जातोय.

माझे बाबा बाहुल्यांच्या कार्यक्रमात होते. नाव नाही सांगत. पडद्यामागे. दूरदर्शनच्या काही कार्यक्रमांत त्यांनी आवाज दिले, बाहुल्या हलवल्या. कार्यक्रम लागणार असेल त्या दिवशी आई चौकातल्या सगळ्यांना सांगायची आज आमचे "हे" टीव्हीवर आहेत. लोक यायचे, बघायचे, विचारायचे "कुठे आहेत?" आई बाहुलीकडे बोट दाखवायची. तासभर हात वर धरून ते घरी यायचे तेव्हा खांद्याला राईचं तेल चोळायचं काम माझं. मनगटाला आतून एक घट्टा होता.

ते जाऊन बरीच वर्षं झाली. फोटो आहेत, पगाराच्या पावत्या आहेत, एक बाहुलीसुद्धा आहे. आवाज कुठेच नाही. तेव्हा घरात टेपरेकॉर्डर होता पण त्यावर आम्ही गाणी भरायचो, बाबांना कशाला भरायचं, ते तर घरातच होते. माझ्या मुलाने त्यांना ऐकलेलं नाही. मला डीव्हीडी सुबक नको, डबा नको. त्यातल्या म्हाताऱ्या कोल्ह्याचं एक वाक्य सापडलं तरी पुरे.

मास्तर_निवृत्त

ताई, तुमच्या वडिलांना नमस्कार. आमच्या साठ मुलांपैकी कोणीतरी त्यांना नक्की ऐकलं असणार.

खिडकी

❤️ ताई. बाहुली नीट ठेवा.

टेपवाला

@सावंतवाडी_सून कार्यक्रमाचं नाव, साधारण वर्ष, मुंबई केंद्र की आणखी कुठलं, एवढं मला व्यक्तिगत कळवा. शब्द देत नाही. पण जुने लोक ओळखीचे आहेत, विचारतो. आणि पगाराच्या पावत्या फेकू नका, त्यावर चित्रणाची तारीख असते. तारखेवरून टेप शोधणं सोपं.

सावंतवाडी_सून

हो का! मला वाटलं नुसता कागद. शोधते आज रात्री.

घरबसल्या_घोडा

पण मंडळी, डीव्हीडी लावणार कशावर? आमच्याकडे शेवटचा प्लेअर भंगारात गेला. लॅपटॉपलाही खाच नाही आता. प्रसार भारतीचं वेव्हज ॲप आलंय २०२४ मध्ये, तिथे एक बाहुल्यांचा कप्पा करा म्हणावं. लॉकडाऊनमध्ये रामायण परत लागलं तेव्हा सगळ्या घराने पाहिलंच ना.

कोथरूडची_चिमणी

@घरबसल्या_घोडा ॲप पण असू दे, कोण नको म्हणतंय. पण ॲपवरचं आज आहे, उद्या नाही. कोणी हक्क काढून घेतले की गेलं. डबी कपाटात असली की माझी. तिला पासवर्ड विसरायची भीती नाही. प्लेअर मी शोधीन, तो माझा त्रास.

पेणची_पापडी

विषयाला धरून नाही पण विचारते. माझ्या मुंजीच्या (म्हणजे भावाच्या, मी मुलगी) व्हीएचएस कॅसेटवर शेवटी दहाबारा मिनिटं बाहुल्यांचा कार्यक्रम आहे!! कोणी टीव्हीवरून भरलाय माहीत नाही. भिक्षावळ चालू असताना एकदम पट्टे येतात, मग एक अस्वल आणि एक माकड भांडतात. आम्ही लहानपणी मुंज पळवून तेवढंच बघायचो. आता कॅसेटला आतून पांढरी बुरशी आलीय. गावातल्या एका स्टुडिओत दिली होती, त्याने तशीच यंत्रात घातली आणि टेप चुरगळून परत दिली. पैसेही घेतले.

टेपवाला

अरे देवा. बुरशी असताना कधीच लावायची नाही. टेप तर जातेच, यंत्राचं हेडही जातं, आणि बुरशी पुढच्या माणसाच्या कॅसेटला लागते. आधी कोरड्या जागी ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात. चुरगळलेला भाग कापून जोडता येतो, चार-पाच सेकंद जातील. मुंजीकडचा भाग आहे की अस्वलाकडचा?

पेणची_पापडी

मुंजीकडचा. भिक्षावळ.

वरळी_नाका

मग चालेल 😄

पेणची_पापडी

भावाला सांगू नका.

सांगलीकर_हळद

माझ्या दिराकडे चालू व्हीसीआर आहे, हेड स्वच्छ. पुण्याला दिवाळीनंतर येणार आहे, एसटीत मांडीवर घेऊन येतो लागलं तर. टेपवाले, तुम्ही पुण्यातच का?

टेपवाला

पुण्यातच. आणू द्या. मोनो आहे की स्टिरिओ ते बघून सांगा. आणि एसटीत मांडीवरच ठेवा, वरच्या फळीवर नको.

पिंगुळीचो

चिमणीताय, आमच्या गावाक येऊन गेलास आणि सांगलंस पण नाय? परत येशात तेव्हा सकाळच्या टायमाक येवा, बाहुल्यांचो खेळ करून दाखवतत. पोरांका पुढे बसवा.

कोथरूडची_चिमणी

येणार, नक्की येणार. नणंदेला आधी फोन करते, नाहीतर ती रुसते.

उशिरा_आलो

आत्ता सगळा धागा वाचला. एक प्रश्न. अर्धवटराव आणि तात्या विंचू एकच ना?

वरळी_नाका

नाही!!!

खिडकी

नाहीऽऽऽ

शेंगदाणा_चटणी

माझ्या आजीसमोर म्हणाला असतात तर जेवायला मिळालं नसतं.