माईक लीचा 'नेकेड' : या जॉनीचं काय करायचं?

रातकिडा

शेवटासकट सगळं फोडलंय. पाहायचा असेल तर आधी पाहून या.

१९९३चा हा सिनेमा मी पहिल्यांदा लावला तो डेव्हिड थ्यूलिससाठी. हॅरी पॉटरमधला थकलेला, मायाळू प्रोफेसर ल्यूपिन डोक्यात होता. सुरुवातच मँचेस्टरच्या एका अंधाऱ्या बोळात. थ्यूलिसच्या जॉनीचं एका बाईशी काहीतरी चाललंय आणि बघता बघता ती जबरदस्ती होते. ती सुटून पळते, हा गाडी चोरून लंडन गाठतो. मी तिथेच बंद केला. वर्षभराने पुन्हा लावला, शेवटपर्यंत पाहिला, आणि तेव्हापासून तो डोक्यातून जात नाही.

गोष्ट म्हणाल तर फारशी नाहीच. जॉनी जुन्या मैत्रिणीच्या, लुईझच्या घरी पोचतो. तिच्याबरोबर राहणाऱ्या सोफीला जवळ करतो, मग झिडकारतो, आणि रात्री रस्त्यावर भटकत राहतो. भेटेल त्याच्याशी बोलतो. बायबल, बारकोड, १९९९मध्ये होणारा जगाचा अंत, काहीही. हुशार आहे, वाचलेला आहे, आणि ती सगळी हुशारी समोरच्याला सोलून काढायला वापरतो.

'असला नालायक माणूस सव्वादोन तास का बघायचा' असं मला दोघातिघांनी विचारलं. माझं उत्तर ब्रायनच्या प्रसंगात आहे. ब्रायन रात्रपाळीचा पहारेकरी. आख्खी रिकामी ऑफिसची इमारत राखतो. थंडीत दारात बसलेल्या जॉनीला तो आत घेतो, मजल्यामागून मजला दाखवत फिरतो. आत टेबल नाही, खुर्ची नाही, नुसते दिवे आणि जमीन. रिकामी जागा राखायची म्हणजे कोणी ती जागा चोरून नेली तर तुला कळणार कसं, असं जॉनी त्याला विचारतो. ब्रायनला आयर्लंडमधल्या एका लहानशा घराची आस आहे, जॉनी तीही तुडवतो. आणि तरी सकाळी हाच ब्रायन त्याला सांगतो, आयुष्य वाया घालवू नकोस. जॉनीला उत्तर सुचत नाही. तोंडाचा पट्टा एरवी कधी थांबत नाही, तो इथे थांबतो.

दिग्दर्शकाला जॉनी आवडतो असं मला कुठेही वाटलं नाही. तो त्याच्याकडे डोळे न मिटता बघतो, एवढंच. कान महोत्सवात त्या वर्षी लीला दिग्दर्शनाचं आणि थ्यूलिसला अभिनयाचं पारितोषिक मिळालं, ते मला शंभर टक्के पटतं. तुम्हाला काय वाटलं?

साळुंकी

पूर्ण असहमत. आणि मी सिनेमा पूर्ण पाहून बोलतेय.

'डोळे न मिटता बघतो' म्हणता, पण कोणाकडे? जॉनीकडे. बोळातली ती पहिली बाई कोण, तिचं पुढे काय झालं? सिनेमाला काही पडलेलं नाही. सोफी तर अशी लिहिली आहे की जो येईल त्याने तिला वापरावं आणि तिने त्याच्याच मागे लागावं. जॉनी करतो, मग तो घरमालक जेरेमी करतो. बायका इथे फक्त सोसायला आहेत. बोलायला जॉनी.

आणि जेरेमीची भानगड लक्षात घ्या. श्रीमंत, हसत हसत छळणारा, आतून-बाहेरून नुसता क्रूर. त्याच्यात माणूस म्हणावं असं काही ठेवलेलंच नाही. का? कारण त्याच्या शेजारी उभा केला की जॉनी बरा वाटतो. एक बलात्कारी ठेवायचा, त्याच्याहून वाईट दुसरा आणायचा आणि पहिल्याला 'दुखावलेला, संवेदनशील' म्हणायची सोय करून द्यायची. ब्रिटनमध्ये सिनेमा आला तेव्हाच यावर स्त्रीद्वेषाचा आरोप झाला होता. तो उगीच झाला नव्हता.

कोरा कागद

साळुंकी +१. अर्ध्यात सोडला. त्या वीणेसारख्या वाद्याचं सुंदर संगीत आणि पडद्यावर हे. झेपलं नाही.

चौथी खिडकी

@कोरा कागद, ते वाद्य हार्पच आहे. अँड्र्यू डिक्सनचं संगीत. मला तर तेच सिनेमाच्या चालण्याचा ठेका वाटतं. जॉनी चालतोय, पुढे कुठे जायचं ठरलेलं नाही, आणि ती धून मात्र थांबत नाही.

साळुंकी, तुमच्या एका वाक्यावर अडलो. सोफी 'लिहिली आहे' म्हणालात. माईक ली आधी पटकथा लिहून नटांच्या हातात देत नाही. नटांना घेऊन आधी काही महिने बसतो, एकेकाबरोबर ते पात्र शून्यापासून उभं करतो, मग पात्रांची एकमेकांशी गाठ घालतो आणि त्या तालमींतून प्रसंग घडत जातात. चित्रीकरण होईपर्यंत संवाद पक्के झालेले असतात, पण आलेले असतात या वाटेने. म्हणजे सोफी ही जितकी लीची तितकीच कॅट्रिन कार्टलिजची. तिने सोफीला दिलेलं ते ओढलेलं, झोपाळू बोलणं, विनोद करून मार चुकवायची धडपड नीट बघा. ती नुसती बळी नाही. तिला सगळं कळतं आणि तरी ती थांबते, म्हणून तर बघवत नाही.

आणि लुईझ? लेस्ली शार्पने ती किती कमी हालचालीत केली आहे. कामावरून दमून येते तर जॉनी घरात. तो एकामागून एक टोमणे मारतो. ती भांडत नाही, रडत नाही, शिणलेल्या नजरेने बघत राहते. आख्ख्या सिनेमात जॉनीला ओळखून असलेलं माणूस तेच. शेवटाकडे दोघं मिळून मँचेस्टरच्या पावसाचं गाणं म्हणतात, तिथे पहिल्यांदा कळतं की या दोघांचं कधीतरी एक गाव होतं. ही बाई बिनबोलाची आहे असं मला मान्य नाही.

साळुंकी

चौथी खिडकी, पद्धत माहीत आहे मला. कार्टलिज थोरच होती, २००२मध्ये गेली, फार लवकर गेली. पण नटीने जीव ओतला म्हणून प्रश्न सुटत नाही. तालमीत काहीही घडो, कॅमेरा कोणाच्या मागे जाणार हे दिग्दर्शकच ठरवतो. तो जॉनीच्या मागे जातो.

माझा राग कुठून येतो तेही सांगते. माझ्या जवळच्या नात्यात एक माणूस होता. वाचन अफाट, जीभ तलवारीसारखी. घरात कोणाचं वाक्य पुरं होऊ द्यायचा नाही. त्याची बायको त्याच्या प्रत्येक कोटीवर हसायची, तोंडावर हात ठेवून. ती कोटी तिच्यावरच असायची. आणि आम्ही सगळे म्हणायचो, हुशार आहे हो, हुशार माणसं असतातच अशी. मी पण म्हटलंय. सोफी जॉनीच्या बोलण्यावर हसते तेव्हा मला तो तोंडावरचा हात दिसतो. मग लोक येऊन 'काय संवाद आहेत!' म्हणतात, ते मला सहन होत नाही.

शेवटची रांग

साळुंकी, हे वाचून थांबलो थोडा वेळ. तुमचं म्हणणं खोडायचं नाही, पण एक बाजू अजून कोणी काढली नाही म्हणून लिहितो.

हा सिनेमा ब्रिटनमधल्या एका ठरावीक वेळेचा आहे. थॅचर १९७९ ते १९९० सत्तेत होत्या, सिनेमा आला तेव्हा त्यांच्याच पक्षाचे जॉन मेजर. मधल्या काळात सरकारी भाड्याची घरं भाडेकरूंना विकायचा १९८०चा कायदा झाला. लाखो घरं विकली गेली आणि त्यांच्या जागी तेवढी नवी काही बांधली गेली नाहीत. १९८८पासून सोळा-सतरा वर्षांच्या बहुतेक मुलामुलींचा सरकारी भत्ता बंद झाला. घरातून बाहेर पडलेलं पोर थेट रस्त्यावर. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनजवळ खोक्यांत झोपणाऱ्यांची वस्तीच उभी राहिली होती, लोक तिला 'कार्डबोर्ड सिटी' म्हणायचे. त्यात मंदी. १९९३च्या सुरुवातीला बेकार सुमारे तीस लाख.

आता आर्ची आणि मॅगी आठवा. स्कॉटलंडमधून आलेली दोन पोरं, रस्त्यावर एकमेकांना हाका मारत हिंडतात, सारखी चुकामूक होते. आणि ब्रायनची इमारत आठवा. रिकाम्या इमारतीत रात्रभर दिवे आणि पगारी राखणदार, आणि तिच्या दारात माणूस कुडकुडतोय. लीने भाषण ठोकलं नाही, या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या. माझ्यासाठी हा सिनेमा तिथे आहे. जॉनी आवडो न आवडो.

तिरपी रेघ

शेवटची रांग, माहिती उत्तम. पण याने जॉनीचं पाप हलकं करू नका. आर्ची-मॅगीला कोणी वाली नाही हे खरं. जॉनीचं तसं नाही. त्याला सिनेमाभर लोक दार उघडतात. लुईझ उघडते, ब्रायन उघडतो, खिडकीतली ती एकटी बाई उघडते. प्रत्येक ठिकाणी तो काहीतरी मोडून किंवा उचलून निघतो. त्या बाईची पुस्तकंसुद्धा सोडत नाही. थॅचरबाईंनी नाही सांगितलं त्याला.

माझ्या मते सगळ्यात खरा प्रसंग कॅफेतल्या मुलीचा. ती त्याला घरी नेते, अंघोळ करू देते. गप्प गप्प असते, काहीतरी आत साठलेलं. अचानक रडायला लागते आणि त्याला निघ म्हणते. का, ते सिनेमा सांगत नाही. जॉनी पहिल्यांदाच मनापासून विनवतो. ती ऐकत नाही, तेव्हा जाता जाता शिव्याशाप देतो. दोन मिनिटांत माणूस पुरता दिसतो. राहायला मिळालं तर गोड, नाही मिळालं तर विष.

रातकिडा

कॅफेतल्या मुलीचा प्रसंग मी विसरलोच होतो, आभार. ती नाही म्हणते आणि त्यावर ठाम राहते, म्हणून जॉनीची हुशारी तिथे चालत नाही.

साळुंकी, जेरेमीबद्दल तुमचं बरोबर आहे. मी आत्ता त्याचे दोन प्रसंग पुन्हा लावून पाहिले. बाकी सगळी माणसं हाडामासाची आणि हा एकटा पुतळा. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पण शेवटावर मी ठाम आहे. लुईझ नोकरी सोडून त्याच्याबरोबर परत मँचेस्टरला जायला तयार होते. ती बाहेर गेली की जॉनी घरातले पैसे खिशात घालतो आणि दुखऱ्या पायाने लंगडत रस्त्याच्या मधोमध चालू लागतो. कॅमेरा त्याच्यापुढे मागे मागे सरकत राहतो, आपल्यात आणि त्याच्यात अंतर वाढत जातं. माफी नाही, शिक्षा नाही. हा शेवट जॉनीला सोडवतो असं म्हणणाऱ्यांनी तो लंगडणारा पाय बघावा. तो कुठेही पोचणार नाहीये.

साळुंकी

रातकिडा, जेरेमीचं मान्य केलंत, बरं वाटलं. शेवट मीही काल रात्री पुन्हा पाहिला, तुमच्यासाठी.

जॉनी निघायच्या थोडं आधी सोफी रडत रडत आपलं सामान उचलते आणि दाराबाहेर पडते. तिला नोकरी नाही. ते घर तर आता तिचं उरलंच नाही. शेवटची रांग यांनी सगळे आकडे दिले, कायदे दिले, खोक्यांत झोपणारी माणसं दाखवली. त्या क्षणापासून या गोष्टीतली खरी बेघर सोफी आहे. जॉनीच्या खिशात निदान चोरलेले पैसे तरी आहेत. तिच्यामागून रस्त्यावर कोणी गेलं नाही. ती त्या रात्री कुठे झोपली, हे मला सांगा.

चौथी खिडकी

नाही सांगता येत.