वैभव सूर्यवंशीचं कार्ड आत्ता घ्यावं की थांबावं?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. मी ठाण्यात पाचपाखाडीला राहतो, हौस म्हणून क्रिकेट कार्डं (खेळाडूंचे फोटो छापलेली संग्रहाची कार्डं) जमवतो. सध्या हात शिवशिवतायत ते वैभव सूर्यवंशीच्या कार्डासाठी. २०२५च्या आयपीएलमध्ये १४ वर्षांच्या या पोराने गुजरातविरुद्ध ३५ चेंडूंत शतक ठोकलं आणि आता विक्रेते सांगतील तो भाव.

पण उन्मुक्त चंद आठवतो ना? २०१२च्या अंडर-१९ वर्ल्ड कप फायनलमध्ये नाबाद १११, तरी भारताच्या सीनियर संघात एकदाही नाही. आपल्या विरारच्या पृथ्वी शॉने २०१८मध्ये कसोटी पदार्पणात १३४ काढल्या, आणि २०२५च्या आयपीएलसाठी झालेल्या लिलावात त्याच्यावर कुणी बोलीच लावली नाही. बायको म्हणते, ‘पोराला मिसरूड तरी फुटू दे!’

जाणत्यांनी सांगा, आयपीएल संपल्यावर भाव खरंच उतरतात का? साधं बेस कार्ड घेऊन गप्प बसावं, की पैसे साठवून मर्यादित छपाईचं नंबरवालं घ्यावं? ‘उद्या मिळणार नाही’ असं विक्रेता म्हणाला की तुम्ही स्वतःला कसं आवरता? आणि हो, कार्ड वर्षानुवर्षं ठेवायचं तर ठाण्याच्या पावसाळी दमटपणात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या पुरतात का?