‘अपडेटमध्ये ब्रिक’ पीएस४: खरंच वीट की नुसता रुसवा?

कोकमसरबत

जुन्या वस्तूंच्या जाहिरातींत प्लेस्टेशन ४ या गेम कन्सोलबद्दल ‘पीएस४, अपडेट करताना लाईट गेली, ब्रिक झालाय, पार्टसाठी देणे आहे’ असा मजकूर सारखा दिसतो. भाव निम्म्याहून कमी. असं मशीन विकणाऱ्याच्या घरीच तपासायचं तर कसं, आणि सोबत काय न्यायचं? दुसरं म्हणजे ब्रिक, म्हणजे विटेसारखं निपचित पडलेलं मशीन, नक्की कशाला म्हणायचं? साधा एरर कोड आला तरी लोक ब्रिक म्हणतात आणि ऑनलाइन बॅन झालेल्या कन्सोललाही तेच म्हणतात.

दुसरीबीप

टीव्हीवर एक ओळ जरी उमटत असेल तरी ती वीट नव्हे. पीएस४चं सॉफ्टवेअर दोन जागी राहतं. मदरबोर्डवरच्या ३२ एमबीच्या फ्लॅश चिपमध्ये सुरुवातीचा भाग असतो आणि उरलेली सिस्टिम हार्ड डिस्कवर. लाईट गेल्यावर बहुतेक वेळा डिस्कवरचा भाग अर्धवट राहतो. चिप शाबूत असेल तर मशीन सेफ मोडमध्ये (दुरुस्तीसाठीच्या साध्या यादीत) येतं आणि पेनड्राईव्हवरून नवी सिस्टिम मागतं.

न्यायचं सामान: आठच्या आकड्याची पॉवर केबल (पहिल्या प्रो मॉडेलला जाड, कॉम्प्युटरसारखी लागते), एचडीएमआय केबल, ड्युअलशॉक ४ (पीएस४चा कंट्रोलर), डेटा जाणारी मायक्रो यूएसबी केबल आणि ८ जीबीचा पेनड्राईव्ह. डेटा केबलवर जोर देतोय, कारण नुसत्या चार्जिंगच्या केबलने सेफ मोडमध्ये कंट्रोलर जोडलाच जात नाही आणि माणूस मशीनला दोष देत बसतो.

पेनड्राईव्ह एक्सफॅट किंवा फॅट३२ फॉरमॅट करा. त्यात ‘पीएस४’ नावाचा फोल्डर, त्याच्या आत ‘अपडेट’, आणि त्यात ‘पीएस४अपडेट.पीयूपी’ ही फाईल. सगळी नावं इंग्रजी कॅपिटल अक्षरांत. सोनी कंपनीच्या साइटवर याच नावाच्या दोन फाईल मिळतात. लहान आहे ती साध्या अपडेटची. तुम्हाला हवी ती साधारण १.१ जीबीची, रीइन्स्टॉलची. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये डाउनलोड केल्या की ब्राउझर दुसरीच्या नावापुढे कंसात १ चिकटवतो आणि मग कन्सोलला फाईल दिसत नाही. एसयू-३०७४६-० हा एरर कोड आला की आधी हेच बघायचं.

मशीन पूर्ण बंद करा, दिवा विझलेला हवा. पॉवर बटण दाबून धरा. पहिली बीप लगेच येते, दुसरी सुमारे ७ सेकंदांनी. दुसरीनंतर बोट उचला, कंट्रोलर केबलने जोडा, पीएस बटण दाबा. यादी आली की अर्धी लढाई जिंकली. ७वा पर्याय (इनिशियलाइझ, सिस्टिम सॉफ्टवेअर रीइन्स्टॉल) निवडा. यात सगळा डेटा जातो, ते विकणाऱ्याला आधी सांगा. डेटा वाचवायचा असेल तर लहान फाईल घेऊन ३रा करून बघा, पण ब्रिक म्हणून विकायला काढलेल्या मशीनमध्ये कोण कशाला डेटा राखतंय.

फाईल चिपमधल्या आवृत्तीइतकी किंवा तिच्याहून नवी पाहिजे. जुनी चालत नाही, सीई-३४७८८-० येतो.

दर वेळी वेगवेगळ्या टक्क्यांवर अडकत असेल, किंवा सीई-३४३३५-८ येत असेल, तर संशय हार्ड डिस्कवर. २.५ इंची साटा डिस्क, जाडी ९.५ मिमीपर्यंत, १६० जीबी किंवा त्याहून मोठी, कुठलीही चालते. दुसरी घाला, परत ७वा पर्याय.

गरमसोल्डर

वरचं बरोबर, पण एक सापळा राहिला. ठरलेल्या टप्प्यावर दर वेळी एसयू-४२११८-६ येत असेल तर हार्ड डिस्क बदलून काही होत नाही. अपडेटच्या वेळी ब्लू-रे ड्राईव्हचीही झाडाझडती होते. ड्राईव्हचं सर्किट मेलेलं असेल किंवा रिबन केबल सुटलेली असेल तर अपडेट तिथेच मान टाकतं. रिबन काढून नीट बसवा, सुटका झाली तर एवढ्यावरच होते. दुसऱ्या मशीनचा अख्खा ड्राईव्ह आणून लावू नका. ड्राईव्हचं सर्किट मदरबोर्डशी जोडीने बांधलेलं असतं. लेन्स, मोटर बदलता येते, सर्किट मूळचंच लागतं.

निळा दिवा नुसता श्वास घेतल्यासारखा कमीजास्त होतोय, पांढरा होतच नाही, चित्रही नाही: याचा अपडेटशी बहुधा संबंध नसतो. पॉवर सप्लाय, हार्ड डिस्क किंवा प्रोसेसरखालचं सोल्डर. दिवा पांढरा होतो पण चित्र नाही, तर एचडीएमआय पोर्ट बॅटरीच्या उजेडात बघा, आतली पिन वाकलेली दिसते.

दुसरी बीपच येत नसेल तर पार्टच्या भावाने घ्या. फ्लॅश चिप प्रोग्रामरने वाचता-लिहिता येते, पण तिच्यात त्या-त्या मशीनची स्वतःची माहिती असते. दुसऱ्याचा डम्प (चिपमधल्या डेटाची नक्कल) जसाच्या तसा टाकून भागत नाही.

बूट२

व्याख्येबद्दल. खरी वीट बघायची तर निन्टेन्डोच्या वी या कन्सोलचं ४.२ अपडेट आठवा, सप्टेंबर २००९. त्याने बूट२ (मशीन सुरू होताना चालणारा अगदी सुरुवातीचा प्रोग्राम) नव्याने लिहिला आणि कधीच न उघडलेली, मॉड न केलेली काही मशीनं त्यात गेली. बूट२ मेला की नवी फाईल वाचायला आत कुणी जागंच नसतं. माझ्या लेखी ब्रिकची रेघ तीच. त्याच वीवर दुसऱ्या रीजनच्या डिस्कमधलं अपडेट घेतलं की गेम चालायचे, फक्त सेटिंगचं पान उघडायचं नाही. त्याला ‘सेमी-ब्रिक’ म्हणत. निम्मी वीट, विठोबाही उभा राहणार नाही.

बॅन म्हणजे ब्रिक नाही. २०२५ मध्ये निन्टेन्डोच्या स्विच २ कन्सोलवर नकली कार्ट्रिज वापरणाऱ्यांना २१२४-४५०८ कोड आला, ऑनलाइन सेवा बंद झाली, ऑफलाइन गेम चालू राहिले. मात्र त्याच वर्षी मे महिन्यात निन्टेन्डोने करारात यंत्र कायमचं निकामी करण्याची मुभा स्वतःकडे लिहून घेतली, तेव्हा लोक धास्तावले तर नवल नाही.

कोकमसरबत

कळलं. मग माझ्या घरी अपडेट चालू असताना लाईट गेलीच तर?

दुसरीबीप

डाउनलोडच्या वेळी गेली तर काही बिघडत नाही, पुढून सुरू होतं. रीस्टार्टनंतर पट्टी सरकते तेवढाच काळ नाजूक. इन्व्हर्टरवर असाल तर मागचं बटण यूपीएस मोडवर ठेवा. दुसऱ्या मोडमध्ये वीज पालटायला लागणारा वेळ कन्सोलला सोसत नाही, तो बंद होऊन परत चालू होतो.

आणि सेकंडहँड घेताना ७वा पर्याय पार पडला तरी लगेच पैसे मोजू नका. मोबाईलचं हॉटस्पॉट लावून स्वतःच्या अकाउंटने साइन-इन करा, गेमची एक डिस्क आत ढकला, वाचली की बाहेर काढा. मग भाव करा.