मदत हवी आहे: बर्फाशिवायची नाताळकार्डं आणि करमलाचा (स्टारफ्रूटचा) फिसकटणारा ठसा

लोकहो, यंदा नाताळची कार्डं घरीच करायची ठरवलीत. दिवाळीला आमच्याकडून शेजारी फराळ जातो, नाताळात तिकडून नेवऱ्या, दोदोल, बेबिंक येतं. या वेळी ताट परत करताना आत एक कार्ड असावं, एवढंच डोक्यात आहे. मदतीला लेक आणि वाड्यावरची तिची टोळी.

दुकानातल्या कार्डांवर सगळीकडे बर्फ आणि लोकरीच्या टोप्या. गोव्यात, आमच्या फोंड्यात कसला आलाय बर्फ! आमची थंडी म्हणजे सकाळी कुळागरात (माडा-पोफळींच्या बागेत) झाडांवरून टपटपणारं दंव, काजूला येऊ लागलेला मोहोर आणि अकराच्या आत अंगातून निघणारा स्वेटर. मुली कापूस चिकटवायला निघाल्या होत्या, मी अडवलं. फार केविलवाणा दिसतो तो.

मग परसातलं करमल आठवलं. आडवं कापलं की पाच टोकांची चांदणी आयती तयार, नाताळात दारात टांगतात त्या नखेत्रासारखी (चांदणीच्या आकाशकंदिलासारखी). पोस्टर कलर लावून दाबलं तर पहिला ठसा झकास येतो. दुसऱ्यापासून रस सुटतो, रंग पातळ होतो, टोकं फुगतात आणि मधोमध बियांच्या जागी रंगाचं तळं साचतं. भेंडी वापरून पाहिली, ठसा नीट येतो पण ते फूल वाटतं, तारा नाही.

शिवाय ड्रॉइंग शीट दुमडली की घडीवर तडकते, आणि फेविकॉलने वाळलेलं पान लावलं की रात्रीतून कार्ड पापडासारखं वळतं. दमट हवेत तुम्ही काय करता?

प्रतिसाद १:
करमल बोटभर लांब ठेवून कापा, म्हणजे धरायला मूठ मिळते. बिया काढा आणि कापलेली बाजू सुती फडक्यावर अर्धा तास पालथी ठेवा. रंग ब्रशने लावू नका. स्पंजच्या तुकड्यावर घट्ट रंग घेऊन त्यावर करमल टेकवा. दर दोन-तीन ठशांनंतर पुसायचं आणि रस फार सुटला की पातळ चकती कापून टाकायची.
कागद आधी दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा. ज्या दिशेने सहज वाकतो तीच घडीची दिशा, तिथे तो तडकत नाही. फेविकॉलमधल्या पाण्याने कागद एका बाजूने फुगतो म्हणून वळतो. पानांना दुहेरी चिकटपट्टी वापरा. पानं दाबताना पहिले काही दिवस रोज वर्तमानपत्र बदला, नाहीतर बुरशी ठरलेली.

प्रतिसाद २:
बर्फाचं दडपण घेऊच नका. नाताळचं पहिलं छापील कार्ड मानतात ते १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी करवून घेतलं. त्यावर पेले उंचावलेलं एक कुटुंब आहे आणि दोन्ही बाजूंना गरिबांना अन्न-वस्त्र देण्याची चित्रं. बर्फ नाहीच.
माझं मत, कावीकामासारखे (देवळांच्या भिंतींवरच्या तांबड्या-पांढऱ्या नक्षीसारखे) दोनच रंग घ्या, पांढरा नि तांबडा. पांढऱ्या कागदावर तांबडी करमलं, खाली काजूच्या पानांची ओळ. पाच-सहा रंगांत मुलांचा नुसता चिखल होतो.

धागाकर्ती:
फडक्याची युक्ती लागू पडली! तांबड्यासाठी रांगोळीचा गेरू घरात आहे, चालेल का?

प्रतिसाद २:
चालेल, पण नुसता गेरू वाळल्यावर हाताला लागतो. पाण्यात कालवताना थोडा फेविकॉल घाला, आणि दह्याइतका घट्ट ठेवा.