कोजागरीला चालत तुळजापूर: एका रात्रीतच गाठायचं, हा हट्ट कशाला?

बाळीवेसकर

कोजागरी जवळ आली की तुळजाभवानीच्या दर्शनाला रात्रभर चालत जाणाऱ्यांचे सोलापुरात दोन प्रश्न ऐकू येतात: कितीला निघायचं आणि किती तासांत पोचायचं. माझं भांडण दुसऱ्या प्रश्नाशी आहे.

सोलापुरातल्या रूपाभवानीच्या देवळापासून तुळजापूर साधारण ४५ किलोमीटर. वर्षभर खुर्चीत बसणारा माणूस हे अंतर संध्याकाळी सहाला सुरू करतो आणि पहाटे पाचच्या आत संपवायला बघतो. पहिल्या वीस किलोमीटरला काही होत नाही, गप्पा मारत जातात. खरा खेळ तामलवाडीच्या पुढे सुरू होतो. तोवर पाऊल सुजून बुटात घट्ट झालेलं असतं, मोजा घामाने चिंब, कातडी लिबलिबीत, आणि त्याच कातडीवर अजून तीसेक हजार पावलं टाकायची असतात. फोड येतो. तो वाचवायला माणूस पाऊल तिरकं टाकतो. तिरक्या पावलाने गुडघ्याची बाहेरची बाजू धरते, मग कंबर. तुळजापूरजवळच्या सिंदफळच्या पुढे चढ लागला की पोटरीत गोळा येतो आणि गडी रस्त्याच्या कडेला आडवा.

नवस चालत येण्याचा असतो. ‘पहाटेच्या आत येईन’ असा नवस कुणी बोलल्याचं ऐकिवात नाही. दसऱ्यानंतर श्रमनिद्रेला गेलेली देवी पौर्णिमेला सिंहासनावर येते, घाई तिला नाही. म्हणून माझं मत: दोन टप्पे करा. दुपारी चारला निघा, तामलवाडी जवळपास अर्ध्यावर आहे, रात्री दहाच्या आत पोचता. पाय धुऊन कोरडे करा, पाच तास पाठ टेका, पहाटे साडेतीनला उठा. ऊन तापायच्या आत तुळजापूर.

अनवाणीचा वाद इथे आणू नका, तो वेगळा विषय आहे.

होटगीरोडकर

दादा, हे गणित कागदावर बरोबर आहे. पाच तास आडवं पडल्यावर पाय काय करतात ते यात धरलेलं नाही. वीस-बावीस किलोमीटर चाललेली पोटरी थंड झाली की आखडते. तळव्याची शीर रात्रभर ढिली पडून आखूड होते, म्हणून उठल्यावर पहिली दोनशे पावलं टाच टेकवत नाही. त्यात अंग दुखायचा जोर श्रमानंतर लगेच नसतो, तो दुसऱ्या दिवसापासून चढतो. म्हणजे तुम्ही माणसाला नेमका दुखणं चढायच्या वेळेला उठवून चढाच्या तोंडी देताय.

शिवाय दुपारी चारला निघणं म्हणजे ऑक्टोबर हीट. डांबर दिवसभर तापलेलं असतं आणि सूर्य मावळल्यावरही तासभर धग सोडतं. रात्रीच्या गारव्यात निघतात ते उगाच नाही.

आणि झोपणार कुठे? वाटेवरच्या सेवेच्या मंडपात माणसावर माणूस, लाउडस्पीकर चालू. बायका-पोरी बरोबर असतील तर आणखी पंचाईत.

चूक एका रात्रीत जाण्यात नाही, पहिल्या तीन तासांत धावत सुटण्यात आहे. ताशी साडेचार किलोमीटरच्या वर जाऊ नका. पन्नास मिनिटं चाल, दहा मिनिटं थांबा, बूट काढून पाय जरा उंचावर ठेवा. पंधरा मिनिटांच्या वर बूड टेकायचं नाही. या हिशोबाने बारा तासांच्या आत पोचता, मोडकळीला न येता.

तयारीबद्दल कुणी बोलतच नाही. आधी सहा आठवडे आठवड्यातून एक लांब चाल हवी: १०, १४, १८, २२, २६ आणि शेवटच्या आठवड्यात फक्त ८. तीही रात्री, त्याच बुटात, त्याच मोज्यात. सिद्धेश्वर तलावाभोवती संध्याकाळी मारलेल्या फेऱ्या याच्यात धरू नका.

सिद्धेश्वर पेठ

अनवाणी आणू नका म्हटलात, तरी आणतो. दोघांच्या बोलण्यात अर्ध्या तक्रारी बुटाच्याच आहेत. ओला मोजा, घट्ट झालेला चवडा, घासणारी शिवण. अनवाणी माणसाच्या पायाला वारा लागतो, कातडी कोरडी राहते, पाऊल आपोआप आखूड पडतं आणि टाच आपटत नाही.

अट एकच, दोन महिने आधीपासून सवय हवी. पहिले दोन आठवडे मातीवर पंधरा-वीस मिनिटं, मग डांबरावर हळूहळू वाढवत दहा-बारा किलोमीटरपर्यंत. कर्नाटकातून येणारे भाविक बघा, चार-पाच दिवस चालून सोलापुरात शिरतात आणि पुढचं तुळजापूर त्यांना शेवटचा टप्पा वाटतो.

सोलापूरच्या तुळजापूर नाक्यावर आयुष्यात पहिल्यांदा चप्पल सोडणाऱ्यांची बाजू मात्र मी घेणार नाही. ते पाय उळेगावच्या पुढे जातात तेच नशीब.

पट्टीवाली ताई

अनवाणी पायाला बुटासारखा फोड कमी येतो, इथपर्यंत मान्य. पण चवड्याची कातडी खरखरीत डांबरावर झिजत जाते, आणि ती झिजलेली चालणाऱ्याला कळत नाही, भाजल्यासारखं वाटायला लागतं तेव्हा कळतं. काच, खिळा, बाभळीचा काटा हे वेगळंच. अनवाणी जाणाऱ्याने निघण्याआधी धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख बघावी. जखम खोल किंवा मातकट असेल आणि शेवटच्या डोसाला पाच वर्षं होऊन गेली असतील तर पुन्हा घ्यावं लागतं.

आता फोडाचं, कारण मदत केंद्रावर सगळ्यात जास्त गोंधळ त्याचाच. फोड वरून घासून येतो ही समजूत अपुरी आहे. कातडी मोज्याबरोबर एका बाजूला ओढली जाते, आतलं हाड दुसऱ्या बाजूला सरकतं, मधले थर सुटतात आणि तिथे पाणी भरतं. म्हणून फोड यायच्या आधी त्या जागी ऊब जाणवते, टोचत नाही, नुसतं गरम लागतं. थांबायचं तिथेच. ‘पुढच्या मंडपात बघू’ म्हटलं की फोड झालाच समजा. मोजा काढा, जागा पुसून कोरडी करा, कागदी टेप सुरकुती न पडू देता लावा. टेपचे कोपरे कात्रीने गोल करा, चौकोनी कोपरा मोज्याला अडकून गुंडाळला जातो.

लहान फोड फोडू नका. तळव्यावर मोठा, ताणलेला आला आणि पाऊलच टेकवत नसेल तर नवी निर्जंतुक सुई घ्या. आधी कातडी बीटाडीनने पुसा, मग फोडाच्या कडेला खालच्या बाजूने दोन भोकं पाडा आणि गॉजने दाबून पाणी काढा. वरची कातडी तशीच राहू द्या, तीच उत्तम पट्टी आहे. रक्त दिसत असेल किंवा पिवळट झाला असेल तर सुई लावूच नका.

आणि सुईत दोरा ओवून तो फोडात ठेवायची पद्धत कृपा करून बंद करा. पाणी झिरपत राहतं हे खरं, पण त्याच दोऱ्यावरून रस्त्याची घाण आत जाते. परत आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाय लाल, गरम होऊन सुजतो, त्यातल्या बऱ्याच जणांच्या फोडात दोरा सापडतो.

अजून एक. वाटेत लोक प्रेमाने पायाला तेल चोळतात, गरम पाण्यात पाय बुडवायला देतात. सेवा मोठी आहे, पण ती तुळजापुरात पोचल्यावर घ्या. अजून वीस किलोमीटर जायचं असताना कातडी भिजवून मऊ केली की पुढच्या तासाभरात ती सुटलीच. पोटऱ्या चेपून घ्या, तळवे नको.

काय बे सोलापूर

टेप, कात्री, सुई, बीटाडीन, दोन मोजे, पाणी. एवढं सगळं घेऊन चालायचं म्हंजे मागं एक हमाल लागतोय की बे. रस्ताभर चहा, केळी, खिचडी फुकट देतात, कशाला वझं उचलायलाव? मोबाइल अन् घोंगडी, झालं.

होटगीरोडकर

घोंगडीच जड आहे बे, ती ठेव घरी. बाकी सगळं दोन किलोच्या आत बसतं: अर्धा लिटरची बाटली, मोज्यांचे दोन कोरडे जोड, टेप, व्हॅसलिनची छोटी डबी, ओआरएसच्या दोन पुड्या, बॅटरी, कडक भाकरी आणि शेंगाचटणी. चटणी चवीपुरती नाही, मिठासाठी आहे. मंडपातला चहा आणि केळी गोडच, रात्रभर मीठ पोटात जात नाही. खिचडी पोटभर खाऊन लगेच चालू पडू नकोस, मुठीएवढं खा आणि तासाभराने पुन्हा.

व्हॅसलिन मांड्यांसाठी. जीन्स घालून येणारी पोरं निम्म्या वाटेत पाय फाकवून चालताना दिसतात, ते पाय दुखून नव्हे, मांड्या सोलवटून.

कंबर तलाव

पाण्याबद्दल कुणीच नीट सांगत नाही. ‘भरपूर पाणी प्या’ हा अर्धवट सल्ला आहे. रात्रीच्या गारव्यात तासाला अर्धा लिटरच्या आसपास पुरे, तहान लागेल तसं. प्रत्येक मंडपात ग्लास रिचवत गेलात आणि मीठ काही गेलं नाही, तर रक्तातलं सोडियम उतरतं. बोटं सुजतात, अंगठी घट्ट होते, मळमळतं, डोकं चढतं, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. लोकांना वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून अजून पाजतात. तिथे पाणी थांबवून दवाखान्यात न्यायचं असतं.

ओआरएसची मोठी पुडी एक लिटरची असते. ती अर्ध्या लिटरच्या बाटलीत सबंध ओतू नका. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

दुसरं म्हणजे दुखण्याच्या गोळ्या. निघतानाच आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊन ठेवायची फॅशन आली आहे. अंगातलं पाणी कमी झालेलं, स्नायू ताणलेले आणि वरून ही गोळी, असा तिहेरी मार मूत्रपिंडाला बसतो. घ्यायचीच तर पॅरासिटामॉल ५००, तीही दुखल्यावर. लघवी कोलासारखी काळपट झाली तर चालणं तिथेच सोडा, स्नायू तुटून रक्तात उतरल्याची ती खूण असू शकते.

बाळीवेसकर

होटगीरोडकर, आखडण्याचा मुद्दा मान्य, पण त्यावर इलाज आहे. झोपायच्या आधी पोटरी भिंतीला टेकून ताणायची, दोन्ही बाजू अर्धा-अर्धा मिनिट, तीनदा. उठल्यावर पहिला किलोमीटर मुंगीच्या चालीने. झोपेला मात्र इलाज नाही. पहाटे तीन ते पाच या वेळात डोळा लागतो, पाय अडखळतो, घोटा मुरगळतो. सव्वीस किलोमीटरच्या सरावात ती वेळ येतच नाही, त्यामुळे तिची सवयही होत नाही. शिवाय रात्रभर जागलेला माणूस दर्शन करून मोटारसायकलवर बसतो आणि सोलापूरला निघतो. तुमच्या बारा तासांत परतीचे हे तास धरा. माझी भीती चालण्यापेक्षा त्याची जास्त आहे.

होटगीरोडकर

परत यायला एसटी आहे, जादा गाड्या सोडतात. मोटारसायकल घेऊन मुळात कुणी तिकडे थांबूच नये. झोपेचं म्हणाल तर निघायच्या दिवशी दुपारी दोन तास झोपून निघा, निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. दोन टप्प्यांवर मी अजून राजी नाही.

तुमच्या वेळापत्रकात रांगही नाही. बारा तास चाललेला माणूस दर्शनाच्या रांगेत एका जागी उभा राहिला की रक्त पायात साचतं, पोटरीचा पंप बंद पडतो आणि चक्कर येते. रांगेत टाचा वर-खाली करत राहायचं, रांगेत शिरण्याआधी काहीतरी खारट खायचं. डोळ्यापुढे अंधारी आली तर लाजू नका, आहात तिथे खाली बसा.

एक राहिलं. रात्री रस्ता वाहनांना बंद असेल तेव्हा मधोमध चाला. रस्ता पाणी वाहून जावं म्हणून दोन्ही कडांना उतरता असतो. सतत एकाच कडेने गेलात तर एक पाय खोल, एक उंच पडत राहतो. एकाच बाजूची कंबर दुखते त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

विडी घरकुल

चर्चा वाचली, एक शंका. आईचं वय ५८, बारा वर्षांची शुगर, गोळ्या चालू आणि रात्री इन्सुलिन. तळव्याला अधूनमधून मुंग्या येतात. तिला अनवाणी चालत जायचंय, ऐकत नाही. काय करावं?

सिद्धेश्वर पेठ

काकूंना पूर्ण नको. सिंदफळपर्यंत बूट घालू द्या, तिथून पुढे अनवाणी. मन राहतं आणि नवसही राहतो.

पट्टीवाली ताई

सिंदफळपासूनही नाही. मुंग्या येतात म्हणजे तळव्याची जाणीव कमी होत चालली असण्याची शक्यता आहे. काच रुतली तरी त्यांना कळणार नाही, मोज्यावर रक्त दिसेल तेव्हा कळेल, आणि शुगरच्या पायाला झालेली जखम महिनोन् महिने भरत नाही. आधी डॉक्टरांकडे नेऊन नायलॉनच्या तंतूने तळव्याची जाणीव तपासून घ्या, दोन मिनिटांची तपासणी आहे. जाणीव गेली असेल तर ४५ किलोमीटर बुटातसुद्धा नको. रस्ता वाहनांना बंद व्हायच्या आत तामलवाडीपर्यंत गाडीने जा, तिथून जमेल तेवढं चाला, गाडी कुठे उभी राहील ते आधी विचारून ठेवा.

जाणीव ठीक असली तर जाताना इतकं पाळा. बूट अर्धा नंबर मोठा, आतून हात घालून खडा-शिवण तपासलेला. दर तासाला मोजा काढून तळवा तुम्ही स्वतः बघायचा, त्यांना विचारायचं नाही, त्या ‘काही नाही’च म्हणणार. त्या रात्रीचं इन्सुलिन किती घ्यायचं ते डॉक्टरांना आधीच विचारा, नेहमीइतकं घेऊन रात्रभर चाललं तर साखर घसरते. खिशात ग्लुकोजची पावडर ठेवा, घाम, थरथर, चिडचिड दिसली की तीन चमचे पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. साखर दुसऱ्या दिवशी घरी आल्यावरही उतरू शकते, त्यामुळे परतल्यावर त्यांना एकटं झोपू देऊ नका.

देवळात चप्पल काढावीच लागते. तिथे जाड सुती मोजे, पांढरे. डाग लागला तर लगेच दिसतो.